वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं

बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीवरील जिगांव धरणासाठीं नांदुरा व आसपासच्या तालुक्यांतील पुष्कळ शेतजमीन संपादिली गेली. नोकरीधंद्यानिमित्त खामगांवास, अकोल्यास किंवा पुण्यास स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या वडिलार्जित जमिनीहि अशा संपादनांत सांपडतात, आणि ज्यांनीं जन्मांत कोर्टाची पायरी चढलेली नाहीं त्यांच्यावर वकील शोधण्याचा प्रसंग येतो. एखादा स्नेही नांव सुचवितो, कागदांची पिशवी वकिलाच्या मेजावर रिकामी होते, आणि छापील वकीलपत्रावर न वाचतां सही केली जाते. वांगीं घेतांना चार ठिकाणीं भाव विचारणारा गृहस्थ येथें तोंडांतून शब्द काढीत नाहीं.

जमीन कोणत्या कायद्याखालीं गेली, हें प्रथम नोटिशीवरून पाहावें. राष्ट्रीय महामार्गासाठीं घेतलेल्या जमिनीच्या रकमेचा वाद लवादाकडे जातो. धरणासारख्या कामास १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आलेला भूसंपादन कायदा लागूं असेल, तर कलम ६४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठविण्याची मागणी करावी लागते. निवाड्याच्या वेळीं मालक किंवा त्याचा प्रतिनिधि हजर असल्यास मुदत सहा आठवड्यांची. नसल्यास नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतील जी आधीं संपेल ती. सबळ कारण दाखविल्यास पुढें एक वर्षापर्यंत अर्ज घेतां येतो खरा. पण तें कारण जिल्हाधिकाऱ्यास पटावें लागतें. याहून नाजूक गोष्ट पैसे घेण्याची. रक्कम अपुरी आहे असा निषेध नोंदवून ती स्वीकारतां येते. मुकाट्यानें घेतली तर वाढीव रकमेसाठीं अर्ज करण्याचा हक्कच जातो. म्हणून चांगला वकील शोधण्यांत दोन महिने घालविणें आणि कोणताहि वकील न करतां धनादेश वठविणें, हीं दोन्हीं सारखींच महाग पडतात.

आतां फीविषयीं. ‘आज कांहीं देऊं नका, वाढलेल्या रकमेंत शेकडा अमुक माझे,’ हें बोलणें पक्षकाराला गोड वाटतें. परंतु बार कौन्सिलच्या नियमांनीं अशी निकालावर अवलंबणारी फी निषिद्ध आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१७ सालीं टक्केवारीची फी ही व्यावसायिक गैरवर्तणूक ठरविली. तेव्हां ठराव आंकड्यांत करावा, लेखी करावा, व पावती घ्यावी. टंकलेखन, नकला, जमिनीच्या मूल्यमापनाचा तज्ज्ञ आणि नागपूर खंडपीठापर्यंत अपील गेल्यास तेथील खर्च त्यांत धरला आहे कीं नाहीं, हें त्याच वेळीं विचारलेलें बरें. विचारणाऱ्यावर रागावणारा वकील सोडून देण्यास हरकत नसावी.

वकीलपत्रांत पुष्कळदां तडजोड करण्याचा व रक्कम उचलण्याचाहि अधिकार छापलेला असतो. तो द्यावयाचा नसेल तर तेवढीं वाक्यें सहीपूर्वीं खोडावीं. मूळ कागद हातांत ठेवून शक्य तेथें नकला द्याव्या. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाहीं, असा निर्णय २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेला आहे. वकिलाची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असेल तर गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखालीं तिच्याकडेच करावयाची. ग्राहक मंचाचा मार्ग २०२४ च्या निकालानें बंद झाला.

घरांत विधवा भावजय किंवा लग्न होऊन गेलेली बहीण हिस्सेदार असते, आणि तिच्यासाठीं निराळा वकील कोण करणार, म्हणून तिची सही इतरांच्या कागदावर उरकली जाते. १९८७ च्या विधि सेवा कायद्यान्वयें स्त्रियांस, तसेंच अनुसूचित जाति-जमातींतील व्यक्तींस, उत्पन्न कितीहि असलें तरी मोफत वकील मागतां येतो. त्यासाठीं तिनें बुलढाण्याच्या जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे स्वतःच्या सहीचा अर्ज द्यावयाचा असतो.