काम न थांबविता शब्द कसा बदलावा

१९४९ साली जुन्या साताऱ्याचा काही भाग आणि शेजारची संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला; १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. अशा वेळी पाट्या पुन्हा रंगवाव्या लागतात. परंतु त्यासाठी कोणी कचेरी बंद ठेवीत नाही. २०२५ साली इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला, तेव्हा पाट्यांच्या जोडीला संगणकातले शब्द बदलणेही आले. ते काम न थांबविता बदलता येतात काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आम्हांला तो एका प्रसंगाने पडला. कामगार-नोंदणीच्या एका पडद्यावर, सूचना मिटविण्याच्या बटणावर 'बडतर्फ करा' असे होते. इंग्रजी 'डिसमिस'चे ते आंधळे भाषांतर! आमचा एक हमालबंधू ते वाचून घाबरला आणि नोंदणी अर्धी टाकून घरी गेला. तक्रार केली, तर उत्तर आले, 'यंत्रणा बंद केल्याशिवाय शब्द बदलत नाही.' आमची शाळा लवकर सुटली. तरी हे उत्तर तपासून पाहावे असे ठरविले.

जावा भाषेतील नीट रचलेल्या कार्यक्रमात पडद्यावरचे शब्द वेगळ्या फाईलमध्ये असतात. प्रत्येक भाषेची एक फाईल, डावीकडे खूण, उजवीकडे शब्द. सर्व्हर ती पहिल्या मागणीला वाचतो व स्मरणात ठेवतो. मुकादमाने सकाळी पाठ केलेली यादी दिवसभर म्हणावी, तसेच हे. कागदावर दुरुस्ती झाली तरी तोंडी जुनेच नाव राहते.

उपाय आहेत. जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, स्मरणातील प्रत पुसण्याची आज्ञा आहे. ती दिली की पुढच्या मागणीला फाईल नव्याने वाचली जाते. 'स्प्रिंग' या साधनात ठरावीक सेकंदांनी फाईल बदलली काय, हे पाहण्याची सोय आहे. मात्र फाईल कार्यक्रमाच्या बंद गठ्ठ्याबाहेर ठेवावी. नवी प्रत बाजूला पुरी लिहून मगच जुनीच्या जागी आणावी, नाहीतर ती अर्धीच वाचली जाण्याचा धोका असतो. सर्व्हर अनेक असतील तर प्रत्येकापर्यंत आज्ञा पोचली पाहिजे. एरवी एकास नवा शब्द दिसेल, दुसऱ्यास जुना. मराठीची आणखी एक अडचण होती. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपूर्वी जावाच्या नेहमीच्या रीतीत या फाईलींत देवनागरी सरळ लिहिता येत नसे. अक्षराअक्षराचे सांकेतिक अंक घालावे लागत.

हे सारे कागदावर मांडून आम्ही पुन्हा गेलो. शब्द बदलला, यंत्रणा थांबली नाही. बटणावर आता 'सूचना बंद करा' असे आहे, आणि आमच्या बंधूची नोंद पुरी झाली आहे. आमची मागणी एवढीच, की नवा शब्द घालण्यापूर्वी, ज्याला ते बटण दाबायचे आहे अशा एका माणसाला तो वाचून दाखवावा.