सरड्याची पेटी: सुतार आणि काचवाल्यांसाठी नवे काम

माशांच्या टाक्या बनवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे आम्ही मागे बसलो होतो. तेवढ्यात कॉलेजात जाणारा एक मुलगा आला. त्याने याच दुकानातून दोन फुटांची काचेची टाकी नेली होती आणि तिच्यात ऑस्ट्रेलियन जातीचा सरडा ठेवला होता. चार महिन्यांत सरड्याचे पुढचे पाय वाकले, जबडा मऊ पडला आणि त्याने खाणे सोडले. "चाचा, टाकीत काही खोट होती का?" मुलगा काकुळतीने विचारत होता. चाचा म्हणाले, "बेटा, टाकी एक थेंब गळत नाही." दोघेही खरेच बोलत होते. टाकी उत्तम होती, पण ती माशांची होती.

परदेशी सरडे पाळण्याचा शौक आता शहरांतून बराच पसरला आहे आणि त्यांच्या पेट्यांचे काम सुतार, काचवाले व वायरमन यांच्याकडे येऊ लागले आहे. काम चांगले आहे. मात्र गिऱ्हाईक नवखे आणि कारागीरही नवखा असला, की भुर्दंड मुक्या जिवाला बसतो.

पेटीचे माप घेण्याआधी जनावर कोणते, हे विचारावे. घोरपडीसाठी पिंजरा मागणारा आला तर त्याला सरळ नकार द्यावा. घोरपड ही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान तीन वर्षे कैद व किमान 25 हजार रुपये दंड आहे. रानातून धरून आणलेल्या कोणत्याही देशी सरड्याच्या भानगडीत पडू नये. परदेशी जनावरांपैकी जी आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे वनखात्याच्या 'परिवेश' या ऑनलाइन यंत्रणेवर करावी लागते. हिरवा इग्वाना या यादीत आहे. शिवाय तो शेपटीसह पाच-सहा फूट होतो, त्याला पेटी नव्हे तर खोलीच लागते. नवख्याला तो गळ्यात मारणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा हितचिंतक नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवख्यासाठी बहुधा 'बिअर्डेड ड्रॅगन' सुचवला जातो. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, दीड ते दोन फुटांचा, शांत स्वभावाचा सरडा. ऑस्ट्रेलियातून त्याच्या व्यापारी निर्यातीला बंदी आहे, त्यामुळे बाजारात येतात ती पाळीव जोड्यांची पिल्ले. पूर्ण वाढलेल्या एका सरड्याला किमान चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच पेटी हवी. एका पेटीत एकच सरडा. दोन ठेवले की भांडतात, अंगठे आणि शेपट्या तुटतात.

आता मुख्य मुद्दा. सरड्याच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. तो उन्हात जाऊन तापतो, सावलीत जाऊन निवतो. म्हणून पेटीचे एक टोक उन्हाचे आणि दुसरे सावलीचे असले पाहिजे. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग साधारण 38 ते 42 अंश आणि थंड टोक 25 ते 28 अंश, असा फरक दिवसा मिळाला पाहिजे. दोन फुटांच्या टाकीत हा फरक पडतच नाही. दिवा लावला की सगळी टाकी तापते आणि जनावराला पळायला जागा उरत नाही.

उजेडाचे गणित वेगळे आहे. त्या मुलाच्या सरड्याला झाला होता तो आपल्याकडे लहान मुलांना होणारा मुडदूसच. उन्हातील अतिनील-बी किरण कातडीवर पडले की अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि मगच खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागते. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. म्हणून बंद खिडकीतले ऊन कामाचे नाही. उलट उन्हात ठेवलेली काचेची पेटी भट्टी होते. सरड्यांसाठी मिळणारी यूव्हीबी नळी पेटीच्या आत, छताला, गरम टोकाकडून निम्म्याहून अधिक लांबीपर्यंत बसवावी. जाळीच्या वर ठेवली तर बरेच किरण जाळीच अडवते. नळीपासून दगडाचे अंतर किती, ते नळीच्या पाकिटावरील तक्त्यात असते. दगडाची उंची त्यावरून ठरवावी. वर्षभराने नळी पेटत असली तरी तिचे किरण मंदावतात, ती बदलावी लागते. हे गिऱ्हाइकाला बिलावरच लिहून द्यावे.

पेटी तीन बाजूंनी बंद आणि फक्त समोरून काचेची करावी. चारही बाजूंनी उघडे पडलेले जनावर भेदरते. दारही समोरच हवे, कारण रानात घार वरून येते आणि वरून हात आला की सरडा तोच अर्थ घेतो. मरीन प्लायला आतून सनमायका, समोर चॅनेलमध्ये सरकत्या काचा, कडा घासलेल्या, आणि कुलूप. हवेची जाळी एका बाजूला खाली व दुसऱ्या बाजूला वर ठेवली की गरम हवा आपोआप बाहेर पडते. कोकणपट्टीत पावसाळ्यातील दमटपणा या सरड्याला सोसत नाही, तेथे जाळी मोठी ठेवावी. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीपार जाते. तेथे पेटी कूलरच्या खोलीत हवी आणि दुपारी तापदिवा बंद.

सांधे माशांच्या टाकीच्या सिलिकॉनने भरावेत. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते वापरू नये. वाळवीचे औषध मारलेला प्लाय नको, डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवलेले सामान नको. पॉलिश पाण्यावरचे घ्यावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवावी. घाईची डिलिव्हरी येथेच महागात पडते.

तापदिव्याला चिनी मातीचा होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो. दिव्याभोवती तारेचा पिंजरा आणि सोबत थर्मोस्टॅट हवाच. बाजारात विजेवर तापणारे दगड मिळतात. त्यांच्यावर सरड्याचे पोट भाजते, ते विकूच नयेत. तळाला वाळूऐवजी फरशीचे तुकडे बसवले तर पुसायला सोपे. फरशीवाल्याकडे तुकडे पडूनच असतात!

पेटी तयार झाली की ती रिकामीच आठवडाभर चालवावी आणि सकाळ, दुपार, रात्र दोन्ही टोकांचे तापमान वहीत लिहावे. काचेला चिकटवायचा तापमापक फसवतो, तारेच्या टोकाचा घ्यावा. आकडे जमले, मगच जनावर आणावे. पेटी स्वयंपाकघरात नको, आणि हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत. सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू येतात, लहान मुलांना त्याचा धोका अधिक.

मजुरी सांगताना लाकूडकाम, काच आणि वायरिंग वेगवेगळे लिहावे. दोन फुटांच्या टाकीच्या भावाशी गिऱ्हाईक तुलना करणारच. चाचांनी त्या मुलाला चार फुटांची पेटी मजुरी न घेता, फक्त मालाच्या पैशांत करून दिली. सरड्याचे पाय काही सरळ झाले नाहीत, पण तो खाऊ लागला आहे. आता टाकी मागायला कोणी आले की चाचा आधी विचारतात, "आत काय ठेवणार?"