गिऱ्हाईक ब्लॉक करताय? आधी हे बघा



एप्रिल-मे आला की रत्नागिरीत आंबेवाल्यांच्या फोनला उसंत नसते. पेटी घेणारे थोडे, भाव विचारणारेच जास्त. त्यात "काय हो, कर्नाटकचा आंबा तर निम्म्या भावात मिळतो!" असा मेसेज आला की डोकं तापतं आणि बोट थेट 'ब्लॉक'कडे जातं. थांबा जरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर डिलीट केला तरी त्या माणसाचे मेसेज येतच राहतात. मात्र तुमचं स्टेटस त्याला दिसायचं बंद होतं, म्हणजे पुढच्या हंगामात पेटीचा फोटो टाकलात तरी त्याला पत्ता नाही. ब्लॉक केलं तर त्याचे मेसेज आणि कॉल दोन्ही बंद. आणि रागाच्या भरात चॅटच उडवलं तर? ते सगळ्यात महाग पडतं.

कारण उधारी! "दोन पेट्या पाठवा, पैसे शनिवारी देतो" हा मेसेज म्हणजेच आपल्यातल्या अनेकांचं बिलबुक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते, त्याला ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं एवढंच. म्हणून चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा, आणि वसुली होईपर्यंत त्या माणसाला ब्लॉक करूच नका. "उद्या देतो" हे तरी तो कुठे लिहिणार?

घासाघीस करणाऱ्याला एकदाच शांतपणे सांगा, की कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. मग बिझनेस अ‍ॅपमध्ये त्याला 'भाव विचारणारे' असं लेबल लावा, म्यूट करा. मे अखेरीस भाव उतरला की पहिला मेसेज त्यालाच. बघा, घेतो की नाही!

आता उलटी बाजू. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवलीत तर लोक तुम्हालाच गुपचूप काढून टाकतील, तुम्हाला कळणारही नाही.

मग ब्लॉक करायचं कुणाला? "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणाऱ्याला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा. आणि रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवणाऱ्याला. गिऱ्हाईक तुटेल म्हणून आपल्या कितीतरी ताया गप्प बसतात. ताई, आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. त्याला कारण सांगत बसू नका.