५७, १२१ आणि १५३

२०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पाय बोर्डावर पीएल०११ नावाचा युआर्ट आहे. सिरियल केबलवरून एकेक अक्षर घ्यायचं आणि पाठवायचं, एवढंच त्याचं काम. २०१९च्या पाय ४ वरही पीएल०११ आहेच आणि लिनक्समधला त्याचा ड्रायव्हरही तोच. पण अक्षर आलं की प्रोसेसरला जी हाक जाते, म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट, तिचा क्रमांक पहिल्या बोर्डावर ५७ आणि पाय ४ वर १५३.

कारण हा क्रमांक मुळात युआर्टचा नसतोच. युआर्टची तार इंटरप्ट कंट्रोलरच्या कितव्या इनपुटला जोडली आहे, त्यावर तो ठरतो. चिप आखतानाच ही जोडणी पक्की होते.

पीसीवाल्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही. १९८१च्या आयबीएम पीसीत ८२५९ या कंट्रोलरच्या आठ लाइनी होत्या. ० टायमरची, १ कीबोर्डची. १९८४च्या पीसी-एटीत दुसरा ८२५९ पहिल्याच्या २ नंबरला जोडला आणि वापरायला १५ लाइनी उरल्या. सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली, म्हणून क्रमांक पाठ करून भागलं. (साउंड कार्डाचे जंपर बदलत बसलेल्यांना ५ आणि ७ अजून आठवत असतील.)

एआरएमच्या जगात अशी एकवाक्यता नव्हती. पहिल्या पायमध्ये ब्रॉडकॉमचा स्वतःचा कंट्रोलर, तर पाय ४ मध्ये एआरएमचा जीआयसी-४००. जीआयसीत ० ते १५ हे क्रमांक कोअरनी एकमेकांना हाक मारण्यासाठी असतात, १६ ते ३१ प्रत्येक कोअरच्या खासगी साधनांसाठी, आणि सामाईक साधनं ३२ पासून पुढे. पाय ४ मध्ये पहिल्या पायच्या जुन्या ६४ लाइनींचा गट ९६ पासून बसवला आहे. ९६ अधिक ५७, झाले १५३.

लिनक्समध्ये पूर्वी बोर्डांच्या प्रत्येक घराण्याची वेगळी हेडर फाइल असे आणि तिच्यात हे क्रमांक डिफाइनच्या ओळींनी लिहिलेले असत. परिणामी एका घराण्यासाठी बांधलेला कर्नल दुसऱ्यावर चालत नसे. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर उघडपणे वैतागले. त्यानंतर एआरएमची बोर्डं झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळली. या पद्धतीत बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलीत असतं आणि बूट होताना कर्नल ते वाचतो.

पाय ४ च्या ट्रीमध्ये युआर्टपुढे तीन आकडे येतात: ०, १२१, ४. पहिला ० म्हणजे सामाईक साधन, म्हणून मोजणी ३२ पासून. १२१ अधिक ३२ म्हणजे १५३. शेवटचा ४ सांगतो की सिग्नल वरच्या पातळीवर असेपर्यंत हाक चालू आहे. पहिल्या पायच्या ट्रीमध्ये दोनच आकडे आहेत, २ आणि २५: दुसऱ्या बँकेतली, म्हणजे ३२ लाइनींच्या दुसऱ्या गटातली, २५ क्रमांकाची लाइन. ३२ अधिक २५, झाले ५७.

हे वाचून कर्नल स्वतःचा तिसराच क्रमांक देतो आणि ड्रायव्हर तोच वापरतो. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या दुकानाचा महापालिकेच्या वहीतला क्रमांक वेगळा आणि विजेच्या बिलावरचा वेगळा असावा, तसंच हे. प्रॉक फोल्डरातल्या इंटरप्ट्स फाइलीत डावीकडे कर्नलचा क्रमांक दिसतो आणि कंट्रोलरच्या नावापुढे १५३. डावीकडचा आकडा कर्नलच्या आवृत्तीगणिक बदलू शकतो. त्यावर विसंबू नये.

गफलत होते ती ३२ च्या हिशेबात. ट्रीमध्ये १२१ ऐवजी १५३ लिहिलं, तर कर्नल १८५ वर कान लावून बसतो. तरी बूटचे संदेश सुरळीत उमटतात, कारण ते छापताना कर्नल इंटरप्टची वाट पाहत नाही. लॉगिनपाशी मात्र सगळं ठप्प होतं आणि माणूस केबल तपासत बसतो. उलट चुकीच्या क्रमांकावर दुसरंच साधन हाका मारत असेल, तर एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाल्यावर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असं छापून ती लाइन बंद करतो.

शिकवण्यासाठी बनवलेल्या एक्सव्ही६ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये युआर्टचा क्रमांक १० सरळ डिफाइन केलेला आहे. क्यूईएमयूचं एकच आभासी बोर्ड गृहीत धरलंय, तोवर त्यात काही वावगं नाही. पण तुमच्या हातात दुसरं बोर्ड आलं, तर आधी चिपच्या मॅन्युअलमधला इंटरप्टचा तक्ता उघडा, त्यातली मोजणी ० पासून आहे की ३२ पासून ते बघा, आणि आकडा ट्रीमध्ये लिहा. ड्रायव्हरमध्ये नको.