सातच्या पाढ्यातलं प्रोजेक्ट

जुलै-ऑगस्टमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात चार-चार जणांचे ग्रुप पडतात, गाईड ठरतात आणि विषयांची शोधाशोध सुरू होते. कुठल्या ना कुठल्या ग्रुपकडे एक विषय हमखास जातो: काही टक्के सिमेंट कमी करून तिथे फ्लाय ॲश घालायची आणि काँक्रीटची ताकद मोजायची. विषय घासून गुळगुळीत झालाय, हे मान्य. पण कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे अशी औष्णिक वीज केंद्रं महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे राख मिळते. लॅबमध्ये लागणारी यंत्रं बहुधा असतातच. नीट केलं तर या प्रोजेक्टमधून काहीतरी खरं हाती लागतं. ते फसतं तेव्हा बहुतेक वेळा हुशारी कमी पडलेली नसते, तारखा चुकलेल्या असतात. कॉम्प्युटरवाला मित्र शेवटच्या आठवड्यात रात्री जागून कोड पुरा करतो. काँक्रीटपुढे जागरणाचा उपयोग नाही.

आधी राख काय करते ते बघू. सिमेंटची पाण्याशी प्रक्रिया होते तेव्हा ताकद देणाऱ्या पदार्थाबरोबर चुनाही सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. राखेतली सिलिका या चुन्याशी संयोग पावते आणि आणखी घट्ट पदार्थ तयार होतो. पण चुना सुटल्याशिवाय राखेला काम नाही आणि ती प्रक्रियाही सावकाश चालते. म्हणून 7 दिवसांनी राखेचं काँक्रीट साध्या काँक्रीटच्या मागे असतं, 28 दिवसांनीही बऱ्याचदा मागेच राहतं आणि पुढच्या काही आठवड्यांत अंतर कमी होत जातं. 28 दिवसांवर थांबणारा ग्रुप ‘राखेमुळे ताकद घटते’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. आकडे खरे असतात, निष्कर्ष अर्धवट. तेव्हा चाचण्या 7, 28 आणि 56 दिवसांच्या धरा.

आता हिशोब. राख 0, 10, 20, 30 आणि 40 टक्के, म्हणजे पाच मिश्रणं. प्रत्येकाच्या तीन वयांच्या चाचण्या, प्रत्येक वयाला तीन क्यूब: एकूण 45. क्यूब 150 मिलिमीटरचा, वजन साधारण 8 किलो. म्हणजे साडेतीनशे किलोंहून जास्त काँक्रीट हाताने मिसळायचं, भरायचं आणि उचलायचं. सांडलवंडीसाठी दहा-पंधरा टक्के माल जास्त धरा. एका मिश्रणाला नऊ साचे लागतात. लॅबमध्ये त्यातले किती धड आहेत, किती नटबोल्टांअभावी पडून आहेत, हे विषय नक्की करण्याआधी लॅब असिस्टंटना विचारून घ्या. या माणसाशी नीट बोलणं हा प्रोजेक्टचाच भाग आहे, फक्त अहवालात त्याचं प्रकरण नसतं.

सातव्या सेमिस्टरमध्ये लेक्चर, प्रॅक्टिकल, हजेरीचे 75 टक्के आणि प्लेसमेंटची धावपळ हे सगळं एकदमच अंगावर येतं. त्यामुळे ‘कास्टिंग आठव्यात बघू’ असं ठरतं, आणि ते बरोबरही आहे. मात्र दोन कामं सातव्यातच उरकायला हवीत. पहिलं काम मालाच्या चाचण्या: खडी आणि क्रश सँडची चाळणी, विशिष्ट गुरुत्व, पाणी शोषण. दुसरं काम, जे बहुतेक जण टाळतात, ते ट्रायल मिक्स. आयएस 10262 प्रमाणे एम 25 दर्जाच्या काँक्रीटसाठी कागदावर सरासरी 31.6 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद गाठायची असते. 25 मध्ये 1.65 गुणिले 4 (गृहीत धरलेलं प्रमाण विचलन) मिळवले की हा आकडा येतो. 150 च्या क्यूबवर त्याचा अर्थ सुमारे 711 किलोन्यूटन भार. तुमच्या वाळू-खडीत तो खरंच मिळतो का, हे कळायला 28 दिवस जातात. दिवाळीच्या सुट्टीआधी ट्रायलचे क्यूब भरले तर उत्तर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत हातात येतं आणि मिश्रण सुधारायला वेळ उरतो. जानेवारीत पहिल्यांदाच मिसळायला बसलात तर ती सवड राहत नाही.

खरेदीतली एक चूक मात्र सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. दुकानात नुसतं ‘सिमेंट द्या’ म्हटलं की बहुधा पीपीसीची गोणी हाती येते. पीपीसीमध्ये कारखान्यातच 15 ते 35 टक्के राख मिसळलेली असते. मग तुमचं शून्य टक्के शून्य राहत नाही आणि वीस टक्के म्हणजे किती, हे कुणालाच सांगता येत नाही. ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट, मागून घ्या, गोणीवरची अक्षरं वाचा, गोणीचा फोटो काढून ठेवा. शिवाय राख सिमेंटपेक्षा बरीच हलकी असते. वजनाला वजन बदललं की आकारमान वाढतं, म्हणून प्रत्येक टक्केवारीचं मिश्रण नव्याने काढायचं.

आठव्या सेमिस्टरचं टाइमटेबल लागलं की त्यावर कास्टिंगचे वार ठरवा. 7, 28 आणि 56 हे तिन्ही आकडे सातच्या पाढ्यातले आहेत, त्यामुळे मंगळवारी भरलेला क्यूब तिन्ही वेळा मंगळवारीच फोडायचा असतो. ज्या वारी तुम्हाला लेक्चर कमी आणि लॅबमध्ये खालच्या वर्गाची गर्दी नाही, तो एक वार सापडला की अर्धं नियोजन झालं. साचे दुसऱ्या दिवशी उघडावे लागतात, म्हणून शनिवारी भरू नका. मंगळवारी भरा, बुधवारी सकाळी साचे सोडवून दुपारी पुढचं मिश्रण भरा. 12 जानेवारीला मंगळवार असेल तर 12, 13, 20 आणि 21 ला चार मिश्रणं होतात; 19 ला भरलेल्याची 7 दिवसांची चाचणी 26 ला येते, म्हणून तो दिवस टाळायचा. 26 ला मंगळवारच, पण लॅब बंद, म्हणून पाचवं 27 ला. त्याची 56 दिवसांची चाचणी 24 मार्चला येते. मध्ये महाशिवरात्र, धुळवड, गुढीपाडवा यांपैकी काही चाचणीच्या दिवशी येतं का, ते आधीच पाहा. कास्टिंग मार्चच्या मध्यावर ढकललंत तर 56 वा दिवस मे महिन्यात जातो, आणि तोवर अहवाल बांधून झालेला असावा लागतो.

भरताना मिश्रण जड वाटलं की कुणीतरी हळूच मगभर पाणी ओततं. साइटवरची ही सवय लॅबमध्ये आली की ताकदीतला फरक राखेमुळे की पाण्यामुळे, हे सांगायची सोय उरत नाही. प्रवाहीपणा कमी असेल तर सुपरप्लास्टिसायझर मोजून घाला आणि प्रत्येक वेळचा स्लम्प लिहून ठेवा. क्यूबवर मिश्रण आणि तारीख पक्क्या रंगाने लिहा. टाकीत पंचेचाळीस क्यूब सारखेच दिसतात.

फोडताना क्यूब पाण्यातून काढून ओलाच यंत्रात ठेवायचा, थापीने सपाट केलेली बाजू वर-खाली न ठेवता आडवी करून. तीन क्यूब 30, 31 आणि 20 वर फुटले तर सरासरी 27 काढून पुढे जाऊ नका. आयएस 456 प्रमाणे एकेका क्यूबचा आकडा सरासरीपासून 15 टक्क्यांहून दूर गेला तर तो संच धरत नाहीत, आणि इथला 20 तर सव्वीस टक्क्यांनी खाली आहे. यासाठी जमल्यास प्रत्येक मिश्रणाचा एखादा क्यूब जास्तीचा भरा. त्याची गरज पडली नाही तर तो 91 व्या दिवशी फोडा. 91 सुद्धा सातच्या पाढ्यातलाच. एका क्यूबवरून निष्कर्ष काढता येत नाही, पण तोवर अहवाल छापून झाला असला तरी ओरलला एक्स्टर्नलनी ‘पुढे काय झालं असतं?’ विचारलं तर दाखवायला एक आकडा असतो. त्यांना छापील आलेखापेक्षा लॅबमधली मूळ वही दाखवा, पाण्याच्या डागांसकट.