एकाच गिटारची गर्दी

हा अल्बम पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. सिंथेसायझर कुठला वापरलाय? आणि वाजवणारे किती जण आहेत? पहिल्याचं उत्तर, एकही नाही. दुसऱ्याचं उत्तर, एक.

१९७५ साली पश्चिम बर्लिनच्या मानुएल ग्योटशिंगचा 'इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार' हा अल्बम बाजारात आला, तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा होता. पहिल्या बाजूला 'एको वेव्ह्ज' आणि 'क्वेझारस्फिअर', दुसरी बाजू पूर्ण व्यापणारं 'प्ल्युरॅलिस'. एकूण पाऊण तास. ना ड्रम, ना बेस, ना गायक. सगळं काही इलेक्ट्रिक गिटारमधून काढलेलं. सायकेडेलिक आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या त्या काळात एकापेक्षा एक अवाढव्य अल्बम निघाले, त्यांतले कित्येक आता फक्त यादीत उरलेत. हा मात्र आजही पुन्हा पुन्हा छापला जातो, ऐकला जातो, आणि नव्या ऐकणाऱ्याला तोच सिंथेसायझरचा प्रश्न पाडतो.

ग्योटशिंग लहानपणी क्लासिकल गिटार शिकला होता. पुढे शाळकरी मित्र हार्टमुट एंके याच्यासोबत ब्लूज वाजवू लागला. बर्लिनमध्ये थॉमस केसलर नावाचा स्विस संगीतकार तरुण पोरांच्या बँडना सरावाला जागा द्यायचा, आणि नुसती जागा देऊन थांबायचा नाही. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काय, हे शिकवायचा. टँजरीन ड्रीम, अजिटेशन फ्री आणि आपल्या नायकाचा 'अॅश रा टेंपल' या तिन्ही बँडची मुळं तिथं सापडतात. 'अॅश रा टेंपल' १९७० मध्ये उभा राहिला, तेव्हा ड्रमवर होता क्लाउस शुल्त्से. हाच माणूस पुढे इलेक्ट्रॉनिक संगीतातलं मोठं नाव झाला. १९७२ मध्ये या मंडळींनी स्वित्झर्लंडमध्ये एलएसडीचा प्रचारक टिमथी लीअरी याला घेऊन 'सेव्हन अप' नावाचा अल्बम केला. त्याची कहाणी अल्बमपेक्षा रंगतदार आहे, असं माझं मत. शुल्त्से आधीच गेला होता, एंकेनंही संगीत सोडलं, आणि १९७४ च्या उन्हाळ्यात ग्योटशिंग स्वतःच्या छोट्या स्टुडिओत एकटाच बसला. हाताशी एक गिब्सन गिटार, वा-वा पेडल, आवाज कमी-जास्त करणारं व्हॉल्यूम पेडल, तारांवर सरकवायची हवाइयन पोलादी कांडी आणि दोन टेप रेकॉर्डर: चार ट्रॅकचा टियॅक ए-३३४० आणि दोन ट्रॅकचा रेव्हॉक्स ए-७७.

खरी गंमत या दुसऱ्या यंत्रात आहे.

रेव्हॉक्सवर टेपच्या वाटेत तीन हेड एका रांगेत असतात. पहिलं जुनं पुसतं, दुसरं नवं उमटवतं, तिसरं उमटलेलं वाचून ऐकवतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या हेडमध्ये काही सेंटीमीटरचं अंतर असतं. समजा ते चार सेंटीमीटर धरलं. टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर वेगानं पळते. म्हणजे दुसऱ्या हेडनं उमटवलेला सूर तिसऱ्यापर्यंत पोहोचायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. वेग निम्मा केला की उशीर दुप्पट. वाजवलेला सूर आणि हा उशिरानं आलेला सूर एकत्र ऐकवले की झाला प्रतिध्वनी. तिसऱ्या हेडवरून आलेला आवाज पुन्हा दुसऱ्या हेडकडे पाठवला की प्रतिध्वनीचाही प्रतिध्वनी, मग त्याचाही, प्रत्येक खेपेला जरा क्षीण, जरा मंद धारेचा. सह्याद्रीच्या कड्यासमोर उभं राहून हाळी दिली की ती जशी विरत विरत परतते, तसंच. फरक एवढाच की इथला कडा टेबलावर मावतो आणि त्याचं अंतर आधीच ठाऊक असतं.

अंतर ठाऊक असण्यातच सगळं आलं. कारण मग वाजवणारा त्या प्रतिध्वनीचा हिशोब धरून वाजवू शकतो. हे आपल्या सरगममध्ये मांडून बघू. ग्योटशिंगच्या ओळी वेगळ्या आहेत, हा फक्त नमुना. समजा तुम्ही दर दोन मात्रांनी एक असे चार सूर वाजवले: सा, रे, ग, प. सरळ, बाळबोध. आणि प्रतिध्वनी तीन मात्रा उशिरानं येतो. पहिला सा शून्यावर धरला तर रे दुसऱ्या मात्रेवर, पण तिसरीवर मागून सा येतो. चौथीवर ग, पाचवीवर परतलेला रे. सहावीवर प, सातवीवर ग. ऐकणाऱ्याच्या कानी काय पडलं? सा, मग रे सा, ग रे, प ग. तुम्ही सरळ चाललात आणि ऐकू आला पलटा, तोही दुप्पट लयीत! शिवाय सहाव्या मात्रेवर तुमचा प वाजतो, त्याच क्षणी पहिल्या साचा दुसरा प्रतिध्वनी येऊन त्याला मिळतो. षड्ज आणि पंचम एकत्र, न मागता.

यात एक अट आहे. टेप कुणासाठी थांबत नाही. लय जरा ढळली की मागून येणारे सूर पुढच्या सुरांच्या पायात येतात आणि सगळा गुंता होतो. त्यामुळे 'एको वेव्ह्ज'मधली ती अखंड धावणारी लय म्हणजे एका माणसानं यंत्राच्या उशिराशी घातलेली मिनिटामागून मिनिटं चालणारी शर्यत आहे. मशीनसारखं वाजवलंय असं लोक म्हणतात. पण नीट ऐका: बोटांचा दाब बदलतो, कुठे सूर जरा बोथट, कुठे टोकदार, आणि तो किंचितसा फरकही प्रतिध्वनीत पुन्हा पुन्हा फिरत राहतो. ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या सिक्वेन्सरला हे जमत नाही. तो प्रत्येक वेळी तेच करतो.

आता टियॅककडे वळू. चार ट्रॅक म्हणजे एकावर एक चार थर. पहिला थर वाजवायचा, तो ऐकत दुसरा, मग तिसरा. ऐकायला सोपं वाटतं, पण इथं तेच काही सेंटीमीटरचं अंतर वैरी होऊन उभं राहतं. जुना थर तिसऱ्या हेडवरून ऐकत नवा थर दुसऱ्या हेडवर उमटवला, तर दोन्ही टेपवर वेगवेगळ्या जागी पडणार आणि नंतर ऐकताना नवा थर मागे रेंगाळणार. टियॅकनं यावर तोडगा काढला होता: उमटवणाऱ्या हेडलाच जुन्या ट्रॅकपुरतं वाचायला लावायचं. आवाज तितका स्वच्छ येत नाही, पण ताल जुळतो. ही सोय असलेली चार ट्रॅकची यंत्रं सत्तरीच्या सुरुवातीला हौशी माणसाच्या आवाक्यात आली. एका यंत्रात ते अंतर जपायचं, दुसऱ्यात ते मिटवायचं. दोन हेडमधल्या त्या फटीभोवती हा सगळा अल्बम उभा आहे, आणि मला अजूनही हे फार अद्भुत वाटतं.

तरी यंत्रं अर्धंच काम करतात. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याच्या डोक्यात होतं.

उंच आणि खालचे सूर आलटून पालटून वाजवले आणि लय वाढवत नेली, तर एका ठिकाणी चमत्कार घडतो: आपल्याला एक ओळ ऐकू येणं बंद होतं आणि दोन ओळी ऐकू येतात, एक वरची, एक खालची. कानांवर पडणारे सूर तेच असतात, वाटणी मेंदू करतो. लिऑन व्हान नोर्डेन या डच संशोधकानं आपल्या प्रबंधात हे कुठल्या लयीला आणि सुरांमधल्या किती अंतराला घडतं, याची मापं मांडली. तो प्रबंध १९७५ चाच, हा निव्वळ योगायोग. पुढे कॅनडाच्या अल्बर्ट ब्रेगमन यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. व्हान नोर्डेनला आणखी एक गोष्ट आढळली होती: लयीच्या एका मधल्या पट्ट्यात एक ओळ ऐकायची की दोन, हे काही अंशी ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असतं. लक्ष वळवलं की सुरांचा आकार बदलतो.

'एको वेव्ह्ज' आणि 'प्ल्युरॅलिस' ऐकताना हेच होत राहतं. आज तुमचं लक्ष खालच्या जाड सुरांवर असतं आणि वरचे नुसते चमचमतात. पुढच्या वेळी वरच्या सुरांमध्ये एक धून सापडते आणि ती यापूर्वी कशी ऐकू आली नाही, याचं नवल वाटतं. ती धून कुणी सलग वाजवलेलीच नसते. वाजवलेला सूर, त्याआधीच्या सुराचा प्रतिध्वनी आणि दुसऱ्या थरातला एखादा ठोका, असे तिघे मिळून ती बनते. वर्षानुवर्षं लोक या अल्बमकडे परत का येतात, याचं मला पटणारं कारण हे आहे. इथं लक्षात ठेवून कंटाळावं अशी ठरलेली चाल फारशी नाहीच, त्यामुळे तो पाठ होत नाही.

मधला 'क्वेझारस्फिअर' मात्र पुष्कळ जण ओलांडून जातात. सहा-साडेसहा मिनिटांचा, ठेका नसलेला, तरंगता. त्यात गिटार ओळखूच येत नाही. वाद्य आपण कशावरून ओळखतो, याचा एक जुना धडा यामागे आहे. फ्रान्समध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ च्या सुमारास घंटेचा आवाज रेकॉर्ड करून त्यातला टोल्याचा क्षणच काढून टाकला, आणि उरलेला नाद घंटेचा वाटेना. आघात हीच वाद्याची सही. गिटारच्या तारेला नखी लागते तो 'टण्' गेला की मागे उरतो नुसता नाद, आणि तो ऑर्गनचा आहे की व्हायोलिनचा, कान ठरवू शकत नाही. ग्योटशिंगकडे त्यासाठी व्हॉल्यूम पेडल होतं: आवाज बंद ठेवून तार छेडायची, मग पाय हळूहळू दाबत नाद वर आणायचा. त्यात प्रतिध्वनीची भर. हवाइयन कांडी आपल्याकडे हिंदी गाण्यांच्या वाद्यधुनांमुळे घरोघरी परिचयाची. तिचं सरकणंही या दुनियेत शोभून दिसतं.

टेपच्या प्रतिध्वनीवर सुरावटी फिरवत ठेवण्याची पद्धत ग्योटशिंगनं शून्यातून काढली नव्हती. अमेरिकेतले टेरी रायली आणि स्टीव्ह राइश छोट्या सुरावटी तासन्‌तास फिरवत होते. रायलीनं तर १९६३ मध्ये पॅरिसमध्ये दोन टेप रेकॉर्डर एकाच टेपनं जोडून लांब उशिराचे प्रतिध्वनी मिळवले होते. आपल्या वाचकांना आवडेल असा एक बारीक धागा इथं आहे. १९७० पासून रायली पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. हिराबाई बडोदेकरही त्याच उस्तादांकडे शिकल्या. म्हणजे रायलीचे गुरू आणि हिराबाई गुरुभाऊ-गुरुबहीण. यावरून बर्लिनच्या गिटारमध्ये किराण्याची बढत शोधायला जाऊ नये, रायलीचे टेपचे प्रयोग त्याआधीचे आहेत. पण एका सुरावर न कंटाळता थांबायची तयारी ज्यांच्या कानाला आधीच झालेली आहे, त्यांना 'प्ल्युरॅलिस'ची एकवीस मिनिटं जड जात नाहीत, एवढं खात्रीनं सांगता येतं.

या अल्बमचं पुढचं आयुष्यही अजब आहे. १२ डिसेंबर १९८१ रोजी ग्योटशिंगनं स्टुडिओत एका बैठकीत तासाभराचा एक तुकडा वाजवला, तोही प्रवासात ऐकायला काहीतरी हवं म्हणून. या वेळी सिंथेसायझर होते, गिटार पार अर्धा वेळ उलटल्यावर येते. बुद्धिबळातल्या पहिल्या खेळीवरून त्याचं नाव 'ई२-ई४'. १९८४ मध्ये जुना दोस्त शुल्त्से याच्या लेबलवर तो निघाला. न्यूयॉर्कच्या 'पॅरडाइस गराज' क्लबमध्ये डीजे लॅरी लेव्हन तो वाजवू लागला, आणि १९८९ मध्ये इटलीत त्यावरून 'सुएन्यो लातिनो' हे नाचाचं गाणं बेतलं गेलं. या वाटेनं आलेले कित्येक तरुण मागे वळून १९७५ च्या गिटारपर्यंत पोहोचले. प्रोग्रेसिव्ह रॉकचे जुने भक्त आणि रात्रभर नाचणारी मंडळी यांचं एरवी कशावरही एकमत होत नाही. इथं होतं.

२०१० मध्ये जपानमध्ये हा अल्बम मंचावर सादर झाला. त्यासाठी ग्योटशिंगच्या जोडीला ब्रिटनचा स्टीव्ह हिलेज, अमेरिकेचा इलियट शार्प आणि बीजिंगचा झांग शोउवांग उभे राहिले. चार ट्रॅक, चार माणसं. एकट्यानं खोलीत बसून जे थर चढवले होते, ते एकाच वेळी वाजवायचे तर दुसरा इलाज नव्हता. ग्योटशिंग ४ डिसेंबर २०२२ रोजी गेला.

ऐकायचं असेल तर 'एको वेव्ह्ज'पासून सुरुवात करा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन लावा. शेवटच्या काही मिनिटांत गिटार अखेर गिटारसारखी किंचाळते आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं मोकळं होतं. लोक तेवढाच भाग ऐकायला पुढे उडी मारतात. तसं करू नका. पूर्ण १७ मिनिटं ४५ सेकंद द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका, या वेळी खालच्या सुरांवर लक्ष ठेवून.