ग्रंथालयाच्या अंगणातील मंगलकार्य

अमेरिकेतील बॉस्टन शहरात, कॉप्ले चौकामध्ये, ट्रिनिटी चर्चच्या समोर एक विशाल दगडी वास्तू उभी आहे. तिच्या मुख्य द्वाराच्या कमानीवर तीनच इंग्रजी शब्द कोरलेले आहेत. त्यांचा भावार्थ असा की, हे घर सर्वांना खुले आहे, आणि तेही विनामूल्य. हे बॉस्टनचे सार्वजनिक ग्रंथालय. दिवसभर येथे विद्यार्थी, संशोधक, निवृत्त वृद्ध आणि थंडीपासून आसरा शोधणारे लोक येऊन बसतात. वाचक निघून गेले की कित्येक सायंकाळी याच वास्तूच्या अंगणात खुर्च्या मांडल्या जातात, फुले येतात आणि लग्न लागते.

ग्रंथालयात लग्न ही कल्पना आपल्याकडे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. आपल्या मनात वाचनालय म्हणजे वर्तमानपत्रांची लाकडी फळी, मंद पंखा आणि 'शांतता राखा' अशी पाटी. पण बॉस्टनची ही वास्तू पाहिली की तेथे मंगलकार्य करण्याचा मोह का होतो हे कळते. चार्ल्स मॅक्किम या वास्तुकाराने ती रचली आणि 1895 मध्ये ती लोकांसाठी उघडली. आत शिरताच सिएना येथील पिवळसर संगमरवराचा भव्य जिना लागतो. त्यावर दोन बाजूंना दोन सिंह बसलेले आहेत. ते शोभेसाठी नाहीत. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या दोन पलटणींचे ते स्मारक आहे. त्यांचा संगमरवर गुळगुळीत केलेला नाही. फक्त शेपट्या तेवढ्या चकाकतात, कारण शुभशकुन म्हणून येणारा-जाणारा त्यांवरून हात फिरवतो. वधू-वरांची छायाचित्रे बहुधा याच जिन्यावर निघतात. जिन्याच्या भिंतींवर फ्रेंच चित्रकार प्युवी द शाव्हान यांची शांत, फिकट रंगांतील चित्रे आहेत. एका दालनात एडविन ॲबी यांची चित्रमालिका आहे, तर वरच्या मजल्यावर जॉन सार्जंट यांची चित्रे आहेत, ज्यांवर त्या चित्रकाराने जवळजवळ तीन दशके काम केले. मधोमध चौकोनी अंगण, त्याच्या तीन बाजूंना कमानींची ओसरी आणि मध्ये कारंजे. रोममधील एका जुन्या प्रासादाच्या अंगणावरून ही रचना घेतलेली आहे. मंडपाला सजावट लागते. या अंगणाला ती जवळजवळ लागतच नाही.

परंतु या घराची खरी कथा संगमरवरात नाही, एका व्यापाऱ्याच्या खतावणीत आहे. व्यापारी कुटुंबांना ती विशेष जवळची वाटावी.

जोशुआ बेट्स यांचा जन्म 1788 मध्ये बॉस्टनजवळच्या वेमथ या गावी झाला. कोवळ्या वयात ते बॉस्टनला एका जहाजी व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करू लागले. खिशात पैसे नसत. स्वतःच्या खोलीत शेकोटी पेटवण्याइतकीही ऐपत नव्हती, मग पुस्तके विकत घेणे दूरच. तेव्हा हा मुलगा सायंकाळी एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात जाऊन बसे आणि दुकानदार वाचू देईल तेवढे वाचत असे. पुढे तो लंडनला गेला आणि बेअरिंग ब्रदर्स या जगप्रसिद्ध पेढीचा भागीदार झाला. 1852 मध्ये बॉस्टन नगरपालिका सार्वजनिक ग्रंथालय उभारू पाहत आहे असे कळताच बेट्स यांनी पुस्तकांसाठी 50,000 डॉलर देऊ केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. तिला त्यांनी अटी घातल्या. इमारत शहराला भूषण ठरावी, तीत शंभर ते दीडशे माणसांना मेजाशी बसून वाचता यावे आणि तिचा लाभ सर्वांना पूर्णपणे विनामूल्य मिळावा. दान देताना अटी घालणारे पुष्कळ असतात. आपले नाव दारावर लागावे ही त्यांतील नेहमीची अट. बेट्स यांनी मागितल्या त्या वाचणाऱ्यासाठी खुर्च्या. नाव नंतर लागले. आजच्या वास्तूतील 218 फूट लांबीचे मुख्य वाचनदालन, जेथे हिरव्या दिव्यांखाली रांगेने मेजे मांडलेली आहेत, ते 'बेट्स हॉल' म्हणून ओळखले जाते.

दुकानात फुकट वाचू देणाऱ्या त्या विक्रेत्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला गेला असेल? त्या दिवशी एका मुलाने काहीही विकत घेतले नाही, एवढेच त्याने पाहिले असणार.

येथे मंगलकार्य योजणाऱ्याने ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की पुढची सारी बंधने समजू लागतात. कार्यालय भाड्याने घेतले की त्या दिवसापुरते आपण त्याचे मालक असतो. ग्रंथालयात तसे होत नाही. तेथे यजमानही पाहुणाच असतो. घर ग्रंथांचे आणि वाचकांचे. वाचकांची वेळ संपल्याखेरीज मोठ्या समारंभाला सहसा जागा मिळत नाही. सामान आणणे, मांडणे आणि आवरून परत नेणे हे सगळे मोजक्या तासांत उरकावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचक येतील तेव्हा आदल्या रात्रीची एक पाकळीही तेथे दिसू नये, अशी अपेक्षा असते.

यातून आपल्या कुटुंबांसाठी पहिला पेच उभा राहतो तो भोजनाचा. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम पाळणारे वडीलधारे पंक्तीत असतील, तर मुहूर्तापेक्षा आधी सूर्यास्ताचे वेळापत्रक पाहावे. बॉस्टन बरेच उत्तरेला आहे. जूनच्या अखेरीस तेथे सूर्य सायंकाळी 8 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या मध्यावर सव्वाचारच्याही आधीच अंधारू लागते. म्हणजे जून-जुलैत वाचक गेल्यानंतरही विधी आणि भोजन दोन्ही उजेडात बसवता येतात. हिवाळ्यात ते अशक्यच. अशा वेळी भोजन दुपारी अन्यत्र उरकून ग्रंथालयात केवळ विधी आणि भेटीगाठी ठेवणे हा सरळ मार्ग. दुसरी गोष्ट स्वयंपाकाची. अशा ऐतिहासिक वास्तूंमध्ये खानपानाचे काम बहुधा ठरावीक संस्थेकडेच सोपवलेले असते. आपला आचारी घेऊन जाता येईल असे गृहीत धरू नये. कंदमुळे वर्ज्य म्हणजे नेमके काय, कांदा-लसणापलीकडे बटाटा, गाजर, बीट, आलेही त्यात कसे येते, हे अगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी कळवावे. 'शाकाहारी' या एका शब्दावर विसंबून पुढे पंक्तीत संकोचाने बसावे लागल्याची उदाहरणे परदेशात थोडी नाहीत.

दुसरा पेच अधिक अवघड आहे, तो अग्नीचा. ग्रंथालयाला अग्नीचे भय का वाटते हे इतिहासावरून कळते. 24 डिसेंबर 1851 रोजी वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आग लागली. कारण क्षुल्लक होते, एका धुराड्यातील दोष. ग्रंथालयातील सुमारे 55,000 पुस्तकांपैकी 35,000 त्या सकाळी जळून गेली. थॉमस जेफरसन यांच्याकडून विकत घेतलेल्या संग्रहाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग त्यातच नष्ट झाला. बेट्स यांचे दान त्यानंतर वर्षभराच्या आतले. पुढे 1872 मध्ये खुद्द बॉस्टनच्या व्यापारपेठेला लागलेल्या आगीत 776 इमारती भस्मसात झाल्या. पेढ्या, गोदामे, कापडाची आणि चामड्याची दुकाने यांची राख झालेली ज्या शहराने पाहिली, तेच शहर पंधरा-सोळा वर्षांनी हे नवे ग्रंथालय बांधू लागले. म्हणूनच तेथे राफाएल ग्वास्ताविनो या स्पॅनिश कारागिराच्या पद्धतीने कमानदार छते घातली गेली. पातळ भाजक्या फरश्या झटपट घट्ट होणाऱ्या चुन्या-सिमेंटात एकावर एक बसवून ही छते उभी राहतात. त्यांना लाकडी तुळयांचा आधार लागत नाही आणि आगीला ती सहसा दाद देत नाहीत. ग्वास्ताविनो यांनी आपल्या कंपनीच्या नावातच 'अग्निरोधक' हा शब्द घातला होता. प्रवेशदालनात मान वर केली तर हीच कारागिरी दिसते. लग्नाला आलेले पाहुणे ज्या छताची वाखाणणी करतात, ते छत अग्नीच्या भयातून जन्मलेले आहे.

तेव्हा अशा वास्तूत होम पेटवण्यास अनुमती मिळेल ही आशा धरू नये. मग फेरे कशाभोवती घ्यायचे? यावर घरातच, आणि पुरोहितांना सोबत बसवून, आधी विचार व्हावा. काही कुटुंबे अग्नीसमोरचा विधी सकाळी घरी किंवा मंदिराच्या आवारात मोजक्या आप्तांसह करतात आणि सायंकाळी ग्रंथालयात मंगलाष्टके, हारांची देवाणघेवाण व आशीर्वाद ठेवतात. हा तोडगा समंजस आहे. विजेच्या दिव्याने अग्नीची नक्कल करण्यापेक्षा तर तो नक्कीच शोभून दिसतो. वडीलधाऱ्यांना मात्र हे महिनाभर आधी सांगावे. मांडवात उभे असताना सांगितले तर रुसवा अटळ.

अक्षतांचे तेच. तांदळाचे दाणे फटींत अडकतात, दाण्यांमागून किडे आणि उंदीर येतात आणि कागदाचे त्यांच्यासारखे शत्रू दुसरे नाहीत. हळद-कुंकवाचे डागही तितकेच त्रासदायक, कारण संगमरवर सच्छिद्र असतो. ओल्या हळदीचा डाग आत मुरला की तो काढणे कठीण होते. लिंबाचा रस सांडला तर दगडाची झिलईच जाते. म्हणून पाहुण्यांच्या हाती अक्षता देण्याऐवजी त्या वधू-वरांसमोर ताटात अर्पण करवाव्यात, हळदीचा समारंभ घरीच करावा, पायांखाली जाड बिछायत घालावी आणि फुले मोजकी ठेवावीत. वाद्यांचाही विचार हवा. दगडी कमानीखाली आवाज घुमतो. सनई तेथे गोड वाटेल. ढोल-ताशा वाजला तर मंगलाष्टकांचा एक शब्दही कानी पडणार नाही.

कायद्याची बाजू त्या मानाने सोपी आहे, पण तिचे वेळापत्रक चुकले तर सारेच अडते. मॅसॅच्युसेट्स राज्यात वधू-वर दोघांनी नगर कचेरीत एकत्र हजर राहून विवाहाच्या इच्छेची नोंद करावी लागते. नोंदीनंतर तीन दिवस थांबावे लागते, तेव्हा परवाना हाती येतो आणि तो साठ दिवसच चालतो. त्या राज्यातच राहत असले पाहिजे असे बंधन नाही. विवाह लावणाऱ्याला मात्र कायदेशीर अधिकार असावा लागतो. घरातील एखाद्या ज्येष्ठाच्या हस्ते तो व्हावा अशी इच्छा असल्यास राज्यपालांच्या कार्यालयाकडून एका दिवसापुरता अधिकार मागता येतो. त्यासाठीचा अर्ज कित्येक आठवडे आधी जावा. भारतातून लग्नासाठी येणाऱ्या वराने विमानाचे तिकीट काढताना हे तीन दिवस हिशेबात धरले नाहीत, तर मुहूर्त साधेल पण कागद राहील.

आता एक प्रश्न उरतो आणि तो बॉस्टनकरांनाही पडतो. ज्या घराच्या दारावर 'सर्वांना खुले' असे कोरले आहे, ते एका सायंकाळी आमंत्रितांपुरतेच उघडावे हे योग्य आहे काय? व्यवहाराने पाहिले तर सव्वाशे वर्षांहून जुन्या इमारतीची निगा खर्चिक असते आणि समारंभांच्या भाड्याने तिजोरीला हातभार लागतो. वाचकाचा एक तासही हिरावला जात नसेल तोवर या व्यवहारात खोट काढता येत नाही. ज्या दिवशी लग्नासाठी वाचनदालन लवकर रिकामे करवले जाईल, त्या दिवशी मात्र बेट्स यांची अट मोडली असे म्हणावे लागेल. या घराच्या बाबतीत बॉस्टनकर पहिल्यापासून हळवे आहेत. 1896 मध्ये खुद्द वास्तुकार मॅक्किम यांनी अंगणातील कारंज्यासाठी एक कांस्यमूर्ती भेट दिली. एका हाती द्राक्षांचा घोस आणि दुसऱ्या हाती बालक घेऊन नाचणारी ती विवस्त्र स्त्री. ग्रंथालयात मद्याचे आणि नग्नतेचे हे प्रदर्शन कशाला, म्हणून शहरात एवढा गदारोळ उठला की मॅक्किम यांना भेट परत घ्यावी लागली. मूर्ती न्यूयॉर्कच्या संग्रहालयाला गेली. आज कारंज्यात उभी आहे ती तिची प्रतिकृती. आजी-आजोबांना पहिल्या रांगेत बसवताना यजमानांनी खुर्च्यांची दिशा आधी पाहून घेतलेली बरी.

ज्यांना एवढा खटाटोप झेपणार नाही, त्यांनाही या घराचे दार बंद नाही. अंगण दिवसा सर्वांसाठी उघडे असते. नगर कचेरीतून परवाना घेऊन निघालेले वधू-वर ओसरीतल्या एखाद्या खुर्चीवर वाचकांच्या शेजारी तासभर बसू शकतात. त्याला भाडे पडत नाही.